चेंडू उजवीकडेच का पळतो? स्लाइसच्या दुरुस्तीमागचा इतिहास

भारतात गोल्फ फार लवकर आला. कोलकात्याचा क्लब १८२९चा, मुंबईचा १८४२चा. खानदेश १८१८मध्येच इंग्रजांच्या ताब्यात गेला होता, पण हा खेळ इथल्या लोकांचा कधी झाला नाही. शेजारी नाशकात हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला आजही ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणतात, आणि तिथे रंगतं ते क्रिकेट. २०२१मध्ये टोकियोत अदिती अशोकचं पदक थोडक्यात हुकलं, ती चौथी आली, तेव्हा कुठे घराघरांत या खेळाचं नाव निघालं. आता जळगाव-धुळ्याकडची पोरं मोबाइलवर व्हिडिओ बघून, गच्चीवर जाळी बांधून शिकू पाहतात. त्यांची तक्रार मात्र जगभरच्या उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्यांचीच: चेंडू निघतो नीट आणि मध्येच उजवीकडे वळून जातो. हाच स्लाइस.

चेंडू फिरकीमुळे वळतो, हे जुनं ज्ञान आहे. तिरप्या रॅकेटने मारलेला टेनिसचा चेंडू वळतो, असं न्यूटनने १६७२च्या पत्रात लिहून ठेवलं. १८५२मध्ये जर्मन शास्त्रज्ञ मॅग्नसने त्यामागचं बल प्रयोगाने दाखवलं. १८९०च्या दशकात एडिंबरोचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी खास गोल्फच्या चेंडूवर काम केलं. घरात खेळाडूही होता: त्यांचा मुलगा फ्रेडी १८९६ आणि १८९८ साली ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकला.

घोळ झाला तो पुढे, शिकवण्यात. चेंडू आधी स्विंगच्या, म्हणजे काठी फिरते त्या, मार्गाने निघतो आणि मग क्लबफेस (क्लबचा, म्हणजे गोल्फच्या काठीचा, चेंडूला लागणारा सपाट भाग) जिकडे असेल तिकडे वळतो, असं प्रशिक्षक अनेक दशकं सांगत आले. १९५७मध्ये अमेरिकी गोल्फपटू बेन होगन यांनी चेंडूपासून खांद्यांवर टेकलेली काच कल्पून स्विंगचा तल समजावला, तेव्हापासून मार्गाची चर्चा वाढली. पण चेंडू आणि क्लबची गाठ पडते जेमतेम अर्धा मिलिसेकंद. डोळ्याला त्यातलं काय दिसणार? १९६८मध्ये ब्रिटनमधल्या एका वैज्ञानिक अभ्यासाने खरा क्रम मांडला होता, तरी शिकवणीत तो मुरला नाही. २००३मध्ये डेन्मार्कमध्ये ट्रॅकमॅन कंपनी सुरू झाली, तिची रडार यंत्रं सरावाच्या मैदानांवर पोचली आणि मग वाद मिटला. चेंडू निघतो तो मुख्यतः फेसच्या दिशेने. ड्रायव्हरच्या, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबच्या, बाबतीत हा वाटा सुमारे ८५ टक्के. वळण ठरतं ते फेस आणि मार्ग यांच्यातल्या फरकावर.

जुन्या आणि नव्या क्रमातला हा बदल माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, कारण जुन्या समजुतीतून येणारा उपाय दुखणं वाढवतो. चेंडू उजवीकडे जातो म्हणून खेळाडू डावीकडे तोंड करून उभा राहतो आणि क्लबही डावीकडे ओढतो. मार्ग आणखी बाहेरून आत, म्हणजे चेंडूच्या पलीकडून अंगाकडे, होतो, फेस त्यामानाने उघडाच, म्हणजे उजवीकडे वळलेलाच, राहतो, फरक वाढतो, स्लाइसही वाढतो. टेनिस बॉल क्रिकेटमध्ये लेगला उचलून मारायची सवय लागलेल्या आपल्या पोरांचा हात तर आपसूकच असा आडवा येतो.

आपल्या काळ्या मातीत ही चूक लपत नाही. आयर्नने, म्हणजे धातूच्या पातळ पात्याच्या क्लबने, मारल्यावर मातीत उठलेला ओरखडा बघावा. तो लक्ष्याच्या डावीकडे झुकला असेल, तर क्लब बाहेरून येतोय. अशा वेळी चेंडूच्या पलीकडच्या अंगाला, किंचित मागे, पाण्याची रिकामी बाटली ठेवतात. क्लब बाहेरून आला की आधी बाटली उडते.

त्याआधी पकड मात्र तपासावी. डावा हात दांड्यावर फार डावीकडे वळलेला असेल तर फेस उघडाच येतो, आणि नुसता मार्ग सुधारला तरी चेंडू उजवीकडेच जातो. सुरुवात सात नंबरच्या आयर्नने, अर्ध्या स्विंगने करावी, ड्रायव्हर नंतर. ड्रायव्हरचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे झुकलेला कोन, कमी, म्हणून चेंडूला उलटी फिरकी कमी मिळते आणि फेस-मार्गातला तेवढाच फरक त्याला जास्त वळवतो.