कॅथलिकांना दहन चालत नाही?

नागपूरच्या सदर भागातल्या कॅथेड्रलबाहेर अंत्यविधीच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर) हमखास ऐकू येतं, "बाबांची इच्छा दहनाची होती, पण आपल्यात चालत नाही." हे खरं नाही.

बंदी होती, ती 1886 सालची. कारण त्या काळी युरोपात काही जण पुनरुत्थानावरचा विश्वास झिडकारायला मुद्दाम दहन निवडत. 1963 मध्ये रोमने ती उठवली आणि 1983 च्या कॅनन लॉमध्येही (चर्चच्या कायद्यातही) तेच कायम आहे: दफन अधिक पसंत, पण श्रद्धेला नाकारण्याचा हेतू नसेल तर दहनाला मनाई नाही. अंत्यविधीची मिस्साही होते.

खरी अट पुढे आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. शेजारी आपुलकीने रामटेकच्या अंबाळा तलावात अस्थी विसर्जनाचं सुचवतात. पण रोमच्या 2016 च्या सूचनेनुसार अस्थी पाण्यात सोडायच्या नाहीत, उधळायच्या नाहीत. कलश शोकेसमध्ये फोटोशेजारी ठेवायचा नाही. तो दफनभूमीत किंवा चर्चने नेमलेल्या पवित्र जागी ठेवायचा, म्हणजे 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, नातवंडांना मेणबत्ती लावायला जागा राहते. मला ही अट फार मोलाची वाटते. वडिलांची इच्छा पाळा, फक्त आधी आपल्या फादरांशी बोलून घ्या.