नवा मॉस्फेट उडाला म्हणजे पार्ट डुप्लिकेट नव्हे

गॅलियम नायट्राइड (गॅन) आणि सिलिकॉन कार्बाइडचे पार्ट वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दुरुस्तीला येणाऱ्या पॉवर बोर्डाबरोबर बऱ्याचदा एक चिठ्ठी असते आणि तिच्यातला मजकूर आता आम्हाला पाठ झाला आहे: "तुमच्याकडून नेलेला गॅनचा पार्ट पहिल्याच पॉवरला उडाला. कृपया या वेळी ओरिजिनल पाठवा." मंडळी, मागच्या वेळीही ओरिजिनलच पाठवला होता. असा पार्ट काढून आम्ही मीटर लावतो, तेव्हा बहुतेक वेळा गेट (पार्ट चालू-बंद करणारा पाय) आणि सोर्स थेट शॉर्ट मिळतात. म्हणजे गेटवर त्याला झेपणार नाही एवढं व्होल्टेज गेलं. ते कुठून आलं, हे सांगायला दर वेळी फोनवर अर्धा तास जातो. तुमचाही जातो आणि आमचाही. म्हणून एकदा लिहूनच काढलं.

बक कन्व्हर्टर, हाफ ब्रिज, डेड टाइम हे शब्द तुमच्या रोजच्या वापरातले आहेत असं धरून पुढचं लिहिलं आहे.

चूक एकच आहे. जुन्या बोर्डावरचा सिलिकॉनचा मॉस्फेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, काढायचा, त्या जागी नवा बसवायचा आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. असं करणाऱ्यांत विद्यार्थी असतात तसे पंधरा-वीस वर्षं सप्लाय बनवणारेही असतात. डेटाशीटच्या पहिल्या पानावर व्होल्टेज जुळतं, करंट जुळतो, ऑन रेझिस्टन्स तर निम्म्याहून कमी दिसतो. मग पुढची पानं उलटतो कोण!

पुढच्या पानांवर गेटचा आकडा असतो. सिलिकॉनच्या साध्या मॉस्फेटचं गेट उणे-अधिक २० व्होल्टपर्यंत सहन करतं आणि आपण त्याला १० ते १२ व्होल्ट देतो. मध्ये भरपूर जागा शिल्लक राहते, त्यामुळे गेटवर थोडी फडफड झाली तरी कुणाचं बिघडत नाही. गॅलियम नायट्राइडच्या बऱ्याच पार्टांना चालू व्हायला ५ व्होल्ट लागतात आणि कमाल मर्यादा असते ६ ची, काहींत ७ ची. मध्ये उरतो जेमतेम एक व्होल्ट. जुन्या ड्रायव्हरचे (गेटला व्होल्टेज देणाऱ्या चिपचे) १२ व्होल्ट अशा गेटवर गेले की पार्ट तिथेच संपला. हे एवढं उघड असल्यामुळे बहुतेक लोक ड्रायव्हरचा सप्लाय ५ व्होल्टवर आणतात, तरीही पार्ट उडतो, आणि डुप्लिकेटचा संशय येतो तो इथेच.

नीट आठवून बघा. उडतो तो बहुतेक वेळा हाफ ब्रिजमधला वरचाच पार्ट ना? खालचा शाबूत असतो.

वरच्या ड्रायव्हरला सप्लाय मिळतो तो बूटस्ट्रॅप कॅपॅसिटरमधून. खालचा पार्ट चालू असताना दोन्ही पार्टांच्या मधला नोड जवळपास शून्यावर असतो आणि कॅपॅसिटर डायोडमधून साडेचार-पाच व्होल्टपर्यंत भरतो. इथपर्यंत सगळं ठीक. पण डेड टाइममध्ये दोन्ही पार्ट बंद असतात आणि इंडक्टरचा करंट खालच्या पार्टमधून उलटा वाहत असतो. सिलिकॉनमध्ये तिथे बॉडी डायोड असतो, तो पाऊण-एक व्होल्टवर धरतो. गॅनमध्ये तसा डायोडच नाही. करंट चॅनेलमधूनच उलटा जातो आणि त्यासाठी दोन-अडीच व्होल्ट पडतात. म्हणजे मधला नोड शून्याच्या खाली दोन-अडीच व्होल्ट जातो, आणि बूटस्ट्रॅप कॅपॅसिटर तेवढाच जास्त भरतो. ५ व्होल्टच्या सप्लायमधून डायोडचा अर्धा व्होल्ट वजा करा, वर अडीच मिळवा: ७ व्होल्ट. ६ ची मर्यादा असलेल्या गेटवर.

गेट बंद ठेवायला उणे व्होल्टेज देत असाल तर हा खड्डा तेवढ्याच व्होल्टने आणखी खोल होतो. डेड टाइम जुन्या बोर्डासारखा शे-दोनशे नॅनोसेकंद ठेवला असेल, तर कॅपॅसिटरला भरायला भरपूर वेळही मिळतो.

आम्हाला हे पुस्तकातून कळलं नाही. सुरुवातीच्या काळात एका संध्याकाळी आम्ही स्वतः ओळीने सहा पार्ट जाळले. दर वेळी वरचाच. सप्लायरला कडक भाषेत पत्रसुद्धा लिहून ठेवलं होतं. सातवा लावण्याआधी आमच्या सोल्डरिंगच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "सर, वरच्या कॅपॅसिटरवर किती येतात ते एकदा बघू या का?" ते पत्र अजून ड्रॉवरमध्ये आहे.

यावर उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत. बूटस्ट्रॅपचं व्होल्टेज स्वतःच अडवणारे, खास गॅनसाठी बनवलेले ड्रायव्हर मिळतात. डेड टाइम शक्य तितका कमी करावा. कॅपॅसिटरवर झेनर (ठरलेल्या व्होल्टेजच्या वर जाऊ न देणारा डायोड) लावणं हा तात्पुरता इलाज, पण पार्ट वाचवतो. आमच्याकडून गॅनचे पार्ट नेताना सोबत ड्रायव्हर घ्याल का, असं आम्ही दर वेळी विचारतो ते याचसाठी. काहींना ती बिल वाढवायची युक्ती वाटते. वाटू दे, पण ड्रायव्हर निदान बघून घ्या.

सिलिकॉन कार्बाइडची गोष्ट याच्या बरोबर उलटी आहे. तिथे गेट जळतं कमी, उपाशी जास्त राहतं. त्याला पूर्ण चालू व्हायला पिढीनुसार १५, १८, कधी २० व्होल्ट लागतात, आणि बंद करताना उणे ३ ते ५ द्यावे असं बरेच उत्पादक सांगतात. मॉस्फेटच्या जुन्या ड्रायव्हरचे १२ व्होल्ट दिले तर तो चालू होतो, लोड ओढतो, टेस्ट पासही होते. पण अर्धवट उघडलेल्या चॅनेलचा रेझिस्टन्स जास्त असतो, आणि चार तासांनी हीटसिंक हात लावू देत नाही. "नवा पार्ट जुन्यापेक्षा जास्त तापतो" ही तक्रार आली की आम्ही पहिला प्रश्न गेट व्होल्टेजचा विचारतो.

आयजीबीटी (जास्त व्होल्टेजसाठीचा सिलिकॉनचा स्विच) काढून सिलिकॉन कार्बाइड बसवणाऱ्यांनी शॉर्ट सर्किटचं संरक्षणही तपासावं. आयजीबीटी साधारण १० मायक्रोसेकंद शॉर्ट झेलतो, म्हणून जुनं संरक्षण निवांत जागं होतं. सिलिकॉन कार्बाइडला दोन-तीन मायक्रोसेकंदच मिळतात, आणि गॅनला अनेकदा एकही पूर्ण मिळत नाही.

आणि तो चौथा पाय! चार पायांच्या पॅकेजमध्ये जादा पाय असतो तो गेटच्या परतीच्या वाटेसाठी, म्हणजे पॉवरचा करंट त्यातून जाऊ नये म्हणून. बोर्डावर भोकं तीनच आहेत म्हणून तो पाय वाकवून सोर्सलाच सोल्डर केलेले बोर्ड आमच्याकडे येतात. सोल्डरिंग सुरेख असतं, पण ज्यासाठी तो पाय घेतला तेच पुसलं जातं.

कारण वेगाचा हिशोब वेगळा आहे. १ नॅनोहेन्रीमधून दर नॅनोसेकंदाला १ अँपिअरने करंट बदलला की १ व्होल्ट तयार होतो. सरळ तारेचा दर मिलिमीटर ढोबळमानाने १ नॅनोहेन्री धरावा. आता आपल्या बोर्डावर ड्रायव्हरपासून गेटपर्यंतचं अंतर मोजा, आणि इनपुटच्या सिरॅमिक कॅपॅसिटरपासून ब्रिजपर्यंतचंही. सिलिकॉनच्या धीम्या स्विचिंगला दोन-तीन सेंटिमीटर खपून जात होते. इथे एक व्होल्ट शिल्लक असलेल्या गेटला ते कसे खपतील? त्यात बहुतेक गॅन पार्टांना ॲव्हेलांशची सोय नसते. सिलिकॉन मॉस्फेट थोडं जास्त व्होल्टेज आलं तर गरम होऊन का होईना गिळतो, हा गिळत नाही.

"पण ऑसिलोस्कोपवर तर सगळं ठीक दिसत होतं" असं यावर उत्तर येतं. प्रोबची मगर-क्लिप लावून बघितलं होतं का? ती १५ सेंटिमीटरची ग्राउंड वायर साधारण १५० नॅनोहेन्रीची असते. प्रोबच्या १० पिकोफॅरडशी मिळून ती १३० मेगाहर्ट्झच्या आसपास स्वतःच वाजते. म्हणजे स्क्रीनवर दिसणारी लहर बोर्डाची असेल किंवा नुसती तारेचीही असेल. उलट १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपचा स्वतःचाच राइज टाइम साडेतीन नॅनोसेकंद असतो. एक नॅनोसेकंदात येऊन गेलेला शिखराचा व्होल्ट त्याला दिसतच नाही. नाही ते दिसतं आणि आहे ते झाकलं जातं. क्लिप काढा, प्रोबच्या टोकावरची छोटी स्प्रिंग वापरा आणि गेट-सोर्सच्या अगदी पायथ्याशी मोजा. वरच्या पार्टचं गेट साध्या डिफरेन्शिअल प्रोबने खात्रीने मोजता येत नाही. त्यासाठी ऑप्टिकल आयसोलेशनचा प्रोब लागतो. तो आमच्याकडे आहे, वेळ ठरवून या.

एवढा त्रास असेल तर हे पार्ट घ्यायचेच कशाला, असंही काही जण वैतागून विचारतात. कारण फायदा खरा आहे. सिलिकॉनचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा) १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, सिलिकॉन कार्बाइडचा ३.२६ आणि गॅलियम नायट्राइडचा ३.४. त्यामुळे या दोन्ही पदार्थांचं ब्रेकडाउन फील्ड सिलिकॉनच्या सुमारे दहा पट भरतं, म्हणजे तेवढंच व्होल्टेज अडवायला खूप पातळ थर पुरतो आणि रेझिस्टन्स घटतो. कोणता पदार्थ या कामाला किती चांगला, हे तोलण्याचं सूत्र बी. जयंत बालिगा यांनी १९८०च्या दशकातच मांडलं. आयजीबीटीच्या कामाबद्दल २०२४चा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळालेले बालिगा ते हेच. सिलिकॉन कार्बाइडचा पहिला शॉट्की डायोड बाजारात यायला मात्र २००१ उजाडलं, आणि २०१७ मध्ये टेस्लाने मॉडेल ३ च्या इन्व्हर्टरमध्ये याच पदार्थाचे मॉस्फेट वापरल्यावर सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं.

गॅनसाठी आम्ही एक उदाहरण नेहमी देतो. गूगल आणि आयट्रिपलई ही अभियंत्यांची संघटना यांनी २०१४ मध्ये स्पर्धा जाहीर केली होती: २ किलोवॉटचा इन्व्हर्टर, दर घनइंचाला किमान ५० वॉट, बक्षीस १० लाख डॉलर. बेल्जियमच्या जिंकलेल्या टीमने १४० च्या पुढे मजल मारली, तीही गॅन वापरून. पण त्यांनी जुन्या इन्व्हर्टरमधले मॉस्फेट बदलले नव्हते. स्विचिंगची पद्धत, कॅपॅसिटर, थंड करण्याची रचना, सगळं त्या पार्टच्या स्वभावाप्रमाणे नव्याने बांधलं होतं. पार्ट बदलायचा तर बोर्ड बदलावा लागतो, हे आमचं एवढ्यासाठीच म्हणणं.

आणि तुमचा सप्लाय ५० किलोहर्ट्झवर चालतो, जागा भरपूर आहे, कार्यक्षमतेबद्दल तक्रार नाही, तर सिलिकॉनच ठेवा. आम्ही तोही विकतो.

गॅलियम ऑक्साइड आणि हिऱ्याचे ट्रान्झिस्टर कधी येणार, हाही प्रश्न हल्ली वारंवार येतो. गॅलियम ऑक्साइडचा बँडगॅप ४.८ च्या घरात आहे आणि जपानमध्ये २०१२ सालीच त्याचा ट्रान्झिस्टर करून दाखवला गेला. अडचण उष्णतेची आहे, कारण हा पदार्थ सिलिकॉनपेक्षाही खूप वाईट रीतीने उष्णता वाहतो. हिरा उष्णता उत्तम वाहतो, पण त्याचे मोठे वेफर (चिप ज्यावर बनतात त्या चकत्या) आणि डोपिंग (मोजकी भेसळ मिसळणं) ही डोकेदुखी आहे. आमच्या कपाटात दोन्ही नाहीत आणि तुम्ही त्यांच्यासाठी डिझाइन थांबवू नये. गॅन स्वस्त होईल का, याचं उत्तर मात्र जरा आशेचं आहे. इन्फिनिऑनने २०२४ मध्ये पॉवर गॅनसाठी ३०० मिलिमीटरचा वेफर जाहीर केला. २०० मिलिमीटरच्या तुलनेत त्याचं क्षेत्रफळ सव्वादोन पट.

आता आमच्या कामाच्या पद्धतीबद्दल, कारण त्यावरही नाराजी असते. नुसता पार्ट बदलून द्या म्हटलं तर आम्ही देत नाही. आधी ड्रायव्हरच्या भागाचा सर्किट डायग्राम मागतो. तो गुपित असेल तर फक्त ड्रायव्हर, गेट रेझिस्टर आणि बूटस्ट्रॅपचा तुकडा पाठवला तरी चालतो. पार्ट बसवल्यावर डबल पल्स टेस्ट करतो: इंडक्टरमधून एक लांब पल्स देऊन करंट हवा तेवढा वाढवायचा, मग क्षणभर बंद करून दुसरी छोटी पल्स द्यायची, आणि त्या बंद-चालूच्या क्षणी गेट आणि ड्रेन काय करतात ते बघायचं. दोनच पल्स असल्यामुळे काही तापत नाही आणि चूक असली तरी बहुतेक वेळा पार्ट वाचतो. या टेस्टला एक दिवस लागतो. "अर्ध्या तासाचं सोल्डरिंग, दोन दिवस कशाला?" याचं उत्तर हे आहे. टेस्टचे वेव्हफॉर्म बोर्डासोबत देतो, ते जपून ठेवा. पुढच्या वेळी तुलना करायला तेच लागतात.

एका जागेवर दोनपेक्षा जास्त वेळा पार्ट बदललेला असेल तर तो बोर्ड आम्ही परत करतो. हे पार्ट पोटाखालच्या पॅडमधून उष्णता सोडतात, आणि वारंवार तापवून पॅड सुटू लागला की वरून सगळं छान दिसतं, आत पोकळी असते. अशा वेळी लेआउट नव्याने करून घ्या. जुनी फाइल पाठवलीत तर गेटची आणि पॉवरची वाट कुठे लांबली आहे ते आम्ही खुणा करून कळवतो. लेआउट आमच्याकडूनच करून घ्यायला हवा असं नाही.

बोर्ड पाठवताना जळालेला पार्ट काढू नका, आजूबाजूची काजळीही पुसू नका, आम्हाला ती बघायची असते. बोर्ड अँटीस्टॅटिक पिशवीत घाला, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत नको. चिठ्ठीत तीन गोष्टी लिहा: पार्ट वरचा उडाला की खालचा, त्या वेळी इनपुटला किती व्होल्ट होते, आणि डेड टाइम किती ठेवला होता.