कोडाचा डाग का उठतो, आणि तिथेच पुन्हा का येतो

अंगावर पांढरा डाग दिसला की विदर्भातल्या खेड्यांत पहिली धास्ती महारोगाची वाटते. हा कुष्ठरोगाचा जुना पट्टा. वर्ध्याजवळ दत्तपूरचं कुष्ठधाम १९३६ सालचं, वरोऱ्याचं आनंदवन त्यानंतरचं. पण कोड हा वेगळाच आजार आहे आणि तो लागत नाही. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो आणि बहुधा बधिर होतो. कोडाचा डाग दुधासारखा पांढराफेक. डोळे मिटून त्यावर कापसाची वात फिरवली तरी स्पर्श नीट कळतो. शंका राहिलीच तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावं.

औषध आधी सापडलं, कारण फार उशिरा. बावचीचं बी आणि ऊन हा उपाय आयुर्वेदात जुनाच. १९४० च्या दशकात इजिप्तच्या अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी दुसऱ्या एका वनस्पतीतून काढलेलं सोरालेन आणि ऊन असा उपचार मांडला. बावचीतही सोरालेनच असतं. मात्र रंग जातो कशाने, याचं उत्तर तेव्हा कुणाकडे नव्हतं. गावात दूध-मासोळी एकत्र खाल्ल्याचा दोष अजूनही काढतात. त्याला काहीच आधार नाही.

१९८० च्या दशकात रुग्णांच्या रक्तात रंगपेशींविरुद्धची, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडं (रोगप्रतिकारशक्तीची प्रथिनं) सापडली. तरीही प्रश्न सुटेना. प्रतिपिंडं रक्तातून अंगभर फिरतात, मग डाग ठरावीक जागीच का? नव्या डागाच्या कडेची कातडी तपासली तेव्हा तिथे सीडी-८ टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या मारक पेशी, रंगपेशींना खेटून बसलेल्या दिसल्या. २००९ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी कडेच्या या टी-पेशी वेगळ्या काढून त्याच रुग्णाच्या चांगल्या कातडीच्या तुकड्यात सोडल्या, आणि तिथल्या रंगपेशी मेल्या. मारेकरी कोण, ते ठरलं.

पुढची साखळी उंदरांवरच्या प्रयोगांतून उलगडली. टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा नावाचं संदेश देणारं प्रथिन सोडतात, त्यामुळे कातडीच्या पेशी सीएक्ससीएल-१० नावाचं रसायन तयार करतात, आणि त्याच्या मागावर आणखी टी-पेशी येतात. आजार वाढता असेल तर कातडीला झालेली इजाही नवा डाग उठवते : कमरेला काचणारी नाडी, चपलेचा पट्टा, विळ्याची जखम. बावचीचं तेल लावून भर उन्हात कापूस वेचायला जाऊ नये, ते याचसाठी. कातडी भाजते, फोड येतात आणि फोडाच्या जागी डाग पसरू शकतो.

डाग भरल्यावरही काही टी-पेशी आठवण धरून त्याच जागी मुक्काम ठोकतात. उपचार थांबवल्यावर पहिल्या वर्षात सुमारे ४० टक्के रुग्णांचा रंग पुन्हा जातो, आणि बहुधा जुन्याच जागी. म्हणून रंग आला की मलम लगेच सोडू नये. कसं कमी करायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

२०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं १.५ टक्के रक्सोलिटिनिब मलम ही इंटरफेरॉनची साखळीच अडवतं. ते १२ वर्षांवरच्यांसाठी, दिवसातून दोनदा, अंगाच्या जास्तीत जास्त १० टक्के भागावर लावायचं असतं. त्याआधीपासूनचा ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचा उपचार आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन्‌महिने घ्यावा लागतो. दोन्हींत नव्या रंगपेशी येतात त्या मुख्यतः केसांच्या मुळांतून. म्हणून डागात आधी केसांभोवती तपकिरी ठिपके दिसतात. ओठांवर आणि बोटांच्या टोकांवर केस नसतात, डागातले केस पांढरे झाले असतील तर त्यांच्या मुळांतला साठाही संपलेला असतो. अशा जागी रंग सगळ्यात उशिरा येतो, कधी येतच नाही.