कणेरीचं ‘मेणाचं म्युझियम’, जे मेणाचं नाहीच

पुण्याचा भाचा आला होता, दिवाळीच्या सुट्टीत. कोल्हापुरात पाव्हण्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो, सकाळी अंबाबाई, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी रंकाळा, आणि दुसरा दिवस उरला तर कणेरी मठ, जिथं जुन्या खेड्याचं म्युझियम आहे. गाडीत बसता बसता पोरानं विचारलं, मामा, तिथं एसी असेल ना? म्हटलं कशाला? तर म्हणे वॅक्स म्युझियम आहे ना, मग मेण वितळत नाही का.

पोराचं काही चुकलं नाही. नेटवर शोधा, ट्रॅव्हलवाल्यांची पॅकेजं बघा, स्टँडवरच्या रिक्षावाल्याला विचारा, सगळीकडं हेच, ‘कणेरीचं वॅक्स म्युझियम’. माझ्या आईसाठी पण ते ‘मेणाचं’च. आणि तिथं मेणाचं काहीही नाही. सिमेंट आहे. गज, जाळी, वाळू, सिमेंट आणि वरून रंग. उघड्या माळावर, झाडाझुडपांत, उन्हापावसात उभी असलेली तीनशेच्या आसपास माणसं आणि त्यांची गुरंढोरं. हा वॅक्सचा घोळ कुठनं आला हे कळलं की त्या जागेचा निम्मा इतिहास कळतो, म्हणून त्याच्यावर जरा जास्त लिहितोय, बाकीचं तुम्हाला माहीतच आहे.

मेणाचे पुतळे म्हटलं की लंडन. तिथं १८३५ साली मादाम तुसाँ नावाच्या बाईनं बेकर स्ट्रीटवर कायमचं प्रदर्शन मांडलं, राजेराण्या, क्रांतीतले पुढारी, गाजलेले गुन्हेगार, खरे केस, खरे कपडे. ते सगळं बंद हॉलमध्ये. आपल्याकडं लोणावळ्याला मेणाचं म्युझियम निघालं तेही खोलीतच, नटनट्या आणि पुढाऱ्यांचं. म्हणजे ‘वॅक्स’ म्हटल्यावर दोन गोष्टी गृहीत येतात, एक छप्पर आणि दुसरं ओळखीचा चेहरा. कणेरीत दोन्ही नाही. तिथं न्हावी आहे, पण कुठला न्हावी? कुठलाच नाही, गावातला. मोट हाकणारा आहे, पण त्याला नाव नाही. लंडनला माणूस फोटो काढतो तो ‘मी अमक्याबरोबर’ म्हणून, कणेरीत लोक म्हणतात ‘अगं ही बघ, डिट्टो आपली आजी जात्यावर’. हा फरक साधा नाही.

मग नाव का चिकटलं? कारण आपल्याकडं हुबेहूब पुतळ्याला दुसरा शब्दच तयार नव्हता. नीट बघा, मराठीत देवाची ती मूर्ती, पुढाऱ्याचा तो पुतळा, आणि देवळाच्या भिंतीवरचं ते शिल्प. आता दाढी करून घेणारा एक बाप्या, समोर आरसा धरलेला, सिमेंटचा. त्याला काय म्हणायचं? मूर्ती म्हणवत नाही, हात जोडावेत असं काही नाही त्यात. पुतळा म्हटलं की चौक, चौथरा आणि जयंतीचा हार आठवतो. शिल्प म्हणायला जीभ रेटत नाही, तो शब्द आर्ट कॉलेजातल्या पोरांचा. मग माणूस सोप्यात सोपं जे आहे ते पकडतो. खऱ्यासारखं दिसतंय ना? मग वॅक्स. झालं. नंतर ट्रॅव्हलवाल्यांनी ते छापलं आणि नेटनं एकमेकाचं बघून उतरवलं. मांडणी लंडनसारखी अशी तुलना करणाऱ्यांनी पण त्याला हातभार लावला, मोठं नाव जोडलं की आपलं मोठं होतं असा एक समज असतो आपल्याकडं.

आता मेण तिथं का चालत नाही ते पण बघू. मधमाशीचं मेण ६०-६५ अंशाला वितळतं, पण मऊ पडायला त्याच्या बरंच आधी सुरुवात होते. कोल्हापूरचा मे म्हणजे ३८-३९ पर्यंत पारा, आणि तो सावलीतला, उन्हात तापलेल्या वस्तूचा तर विचारूच नका. पहिल्याच उन्हाळ्यात लोहाराचं नाक हनुवटीवर आलं असतं. आणि एवढं करून जूनमध्ये पाऊस, जो एकदा बसला की सप्टेंबरपर्यंत हलत नाही. उघड्यावर माणसं उभी करायची तर दगड, ब्राँझ नाहीतर सिमेंट. दगड घडवायला पिढी जाते, ब्राँझ परवडत नाही, म्हणून सिमेंट.

सिमेंटचं काम लोकांना हलकं वाटतं पण जवळनं बघितलं तर तसं नाही. साधारण पद्धत अशी की आधी गज वाकवून सांगाडा, म्हणजे माणूस उभा आहे की वाकलाय, वजन कुठल्या पायावर आहे, हे सगळं तिथंच ठरतं, ते चुकलं तर वर कितीही लिंपा तो लंगडाच दिसणार. मग त्यावर जाळी, जाळीवर माल थापायचा, थर थर करत, ओला आहे तोवर कोरायचं. धोतराच्या चुण्या, हातावरच्या शिरा, पागोट्याचा पीळ, हे सगळं त्या दोन-तीन तासांत, एकदा आवळलं की थापी चालत नाही. मग पाणी मारत राहायचं, नाहीतर तडा. शेवटी रंग. आणि रंगातच खरी गंमत किंवा घात, रंग जास्त चकचकीत झाला की बाहुली, फिका झाला की भूत. काही आकृत्यांत हा तोल मस्त साधलाय, काहींचे डोळे मात्र उगाच वटारल्यासारखे आहेत, खोटं कशाला बोलू.

पाणी आत शिरलं की गज गंजतो, गंजला की फुगतो, फुगला की वरचं सिमेंट उडवतो. पावसाळ्यानंतर उघड्यावरच्या कुठल्याही सिमेंटच्या कामावर शेवाळ असतंच. म्हणजे हे एकदा केलं आणि विसरलं असं काम नाही, दर काही वर्षांनी डागडुजी लागते. मेणाच्या पुतळ्याला जपतो तो एसी, याला जपायचं तर रंगारी आणि गवंडीच लागतात.

तर मग कणेरी नात्यानं कुणाच्या जवळ? माझ्या मते लंडनपेक्षा स्टॉकहोमच्या. तिथं १८९१ मध्ये स्कानसेन नावाचं उघड्यावरचं म्युझियम सुरू झालं, कारखाने येत होते, जुनी खेडी मोडत होती, म्हणून एका माणसानं देशभरातली जुनी घरंच उचलून आणून टेकडीवर बसवली. हेतू तोच, गाव जायच्या आधी गाव जपायचं. फक्त त्यांनी खरी घरं आणली, आपण माणसं सिमेंटची केली. आपल्याच देशात बघायचं तर चंदीगडचं रॉक गार्डन, एका सरकारी नोकरानं १९५७ पासून गुपचूप, फुटक्या बांगड्या, टाइल्स, भंगार यातनं उभं केलेलं, लोकांसाठी उघडलं १९७६ मध्ये. आणि अजून जवळचं म्हणजे आपल्याच पुणे-बंगळूर हायवेनं खाली जावा, हुबळी ओलांडली की शिग्गावजवळ गोटगोडीला उत्सव रॉक गार्डन आहे. तिथं पण सिमेंटची माणसं, उत्तर कर्नाटकाचं खेडं. ज्यांनी दोन्ही बघितलंय त्यांना हे सांगायला नको की ही दोन भावंडं आहेत. त्याला कुणी वॅक्स म्युझियम म्हणत नाही, रॉक गार्डन म्हणतात, तिथं पण नाव चुकलंच म्हणा थोडं, पण निदान ऊन-पाऊस तरी नावात आहे.

कोल्हापूरला हुबेहूबचं वेड मात्र जुनं आहे, ते मठानं आणलं नाही. १९२० ला इथं ‘सैरंध्री’ नावाचा मूकपट झाला, कीचकाचा वध इतका खरा दाखवला होता की बायामाणसं घाबरली आणि तो भाग कापायची वेळ आली. मुंडकं खोटं, पण थेटरात बसलेल्याला खरं वाटलं. तो सिनेमा करणारे कलामहर्षी बाबूराव पेंटर, चित्रकार, कॅमेराही स्वतः बनवणारे आणि वर शिल्पकार. शिवाजी चौकातला महाराजांचा अर्धपुतळा त्यांचाच, १९४५ चा. तिथं आधी मुंबईच्या एका गोऱ्या गव्हर्नरचा पुतळा होता, चळवळीच्या काळात दोन बायांनी तो विद्रूप केला, मग तो हलला आणि महाराज आले. कावळा नाक्यावरचा ताराराणींचा घोडा बघा, मागच्या पायांवर उठलेला. गणपतीच्या आधी शाहूपुरी नाहीतर बापट कॅम्पात कुंभारांच्या मांडवातनं एक चक्कर मारा. मूर्तीचे डोळे जिवंत रेखणारी माणसं आहेत ही. तेव्हा कणेरीच्या आकृत्यांना लंडनची नक्कल म्हटलं की मला जरा लागतंच.

फार मागं जायचं तर उघड्यावरचं शिल्प आपल्याला नवीन नाहीच. गावोगावी पिंपळाखाली वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड असतात, आपल्या करवीर तालुक्यातल्या बीडला तर रांगेनं आहेत. खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडप बाराव्या शतकातला, ४८ खांब आणि मधे छत सोडून दिलेलं, गोल, वर थेट आभाळ. दगड आणि निसर्ग एकत्र म्हणजे काय ते तिथं मधल्या गोल शिळेवर उभं राहून मान वर केली की कळतं.  

कणेरीचा मठ स्वतः काही शतकांचा जुना, काडसिद्धेश्वरांचा, महादेवाचं देऊळ. शिल्पांचं गाव मात्र अलीकडचं, या शतकाच्या पहिल्या दशकातलं. मठाच्या स्वामीजींच्या डोक्यातनं ते आलं, जमीन काही एकर, प्रसंग ऐंशीच्या घरात. सुरुवातीला गुहेसारखी वाट, राशी आणि ऋषीमुनी, मग बाहेर पडलं की एकदम ऊन आणि गाव. लोहार, सुतार, कुंभार, चांभार, विहिरीवर मोट, झाडाखाली शाळा. पुढं त्यात भर पडत गेली, लहान मुलांसाठी आरशांचे वगैरे प्रकार आले, बाग आली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पंचमहाभूत लोकोत्सव झाला तेव्हा राज्याबाहेरनं पण माणूस लोटला. त्यानंतर रविवारी तिथं पार्किंग मिळणं म्हणजे नशीब.

एका गोष्टीवर मात्र दर वेळी गाडीत वाद होतो. म्युझियमचं म्हणणं असं की हे मुघल यायच्या आधीचं स्वयंपूर्ण खेडं. आता कोल्हापूरला हा हिशोब बसतच नाही. इथं आधी बहामनी, मग विजापूरची आदिलशाही, आणि मुघल म्हणाल तर औरंगजेबानं पन्हाळा घेतला १७०१ ला, तोवर महाराजांचं राज्य होऊन गेलं होतं. मग ‘मुघलांच्या आधी’ म्हणजे नक्की कधी? शिवाय फार मागं नेलं तर गावात मिरची पण नसणार, ती पोर्तुगीजांबरोबर आली, आणि मिरचीशिवाय कोल्हापूरचं खेडं म्हणजे काय राव. (हे सगळं ज्या सिमेंटात केलंय ते पोरबंदरला बनायला लागलं १९१४ च्या सुमारास, पण एवढं ताणत नाही.)

त्याच्यापुढचा मुद्दा जरा जड आहे. बारा बलुतेदार तिथं ओळीनं, आपापल्या कामात रमलेले, चेहऱ्यावर समाधान. सुंदर आहे, नाही म्हणत नाही, हत्यारं बघायला तर मी स्वतः तास तास थांबतो. पण याच कोल्हापुरात १९१८ साली शाहू महाराजांनी बलुतेपद्धत कायद्यानं बंद केली, महार वतन काढलं. का काढलं? कारण बलुतं म्हणजे नुसती कामाची वाटणी नव्हती, जन्मानं ठरलेलं काम होतं, ते सोडायची मुभा नव्हती आणि मोबदला खळ्यावर दुसऱ्याच्या मर्जीनं. ज्यांच्या आजोबांनी ते भोगलं त्यांना ते हसरे चेहरे बघून काय वाटतं हे मी माझ्या एका मित्राबरोबर गेलो तेव्हा कळलं. तो चांभाराच्या कोपऱ्यासमोर बराच वेळ गप्प उभा होता. मग म्हणाला, आरी अगदी बरोबर धरलीय रे, माझा आजा अशीच धरायचा, पण हसत नव्हता तो.

मठवाल्यांचं उत्तर असं ऐकलंय की आम्ही कौशल्य दाखवतोय, उतरंड नाही. मान्य. पण दोन-तीन पाट्या १९१८ बद्दल लावल्या तर कौशल्याला काही कमीपणा येत नाही, हे माझं म्हणणं.

भाच्यानं शेवटी काय केलं, तर कुणाचं लक्ष नाही बघून त्या सिमेंटच्या म्हशीच्या शिंगाला हळूच नखानं टिचकी मारली आणि माझ्याकडं बघितलं. घरी जाऊन त्याच्या आईला फोनवर सांगत होता, ‘अगं मेणाचं नाहीये, आजी उगाच म्हणते’. माझ्या आईला मी तेच आधी सांगितलं होतं, ती म्हणाली होती, असू दे, मेणाचंच म्हणतात त्याला.