वरवरचा गंज (जुन्या ट्रकवरील)

रंग निघालेल्या पोलादी पत्र्यावर धरणारा, पण पत्र्याची जाडी अद्याप न खाल्लेला लालसर तपकिरी थर. टोच्याने दाबून पत्रा टणक लागला, तर नवशिक्यालाही तो घासून काढता येतो. टोचा आत रुतला, तर सडलेला भाग कापून नवा तुकडा वेल्ड करावा लागतो आणि ते काम डेंटरचे (गाडीचा पत्रा दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे).

लोखंड का गंजते, यावर बराच वाद झाला. ब्रिटिश रसायनज्ञ क्रेस कॅल्व्हर्ट यांनी १८७१ च्या सुमारास हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडापासून बनणाऱ्या अम्लावर भर दिला. अमेरिकन रसायनज्ञ व्हिटनी यांनी १९०३ मध्ये विद्युत् रासायनिक उपपत्ती मांडली, म्हणजे ओल्या लोखंडात बॅटरीसारखा सूक्ष्म विद्युत् प्रवाह वाहून ते विरघळते. पुढे केंब्रिजचे रसायनज्ञ यू. आर. इव्हान्स यांनी, साधारणतः १९२० नंतरच्या दशकात, ओल्या पत्र्यावर ऑक्सिजन जिथे कमी पोहोचतो तिथलेच लोखंड विरघळते, असे दाखवले. गॅरेजमधला अनुभव इव्हान्स यांच्या बाजूचा आहे, हवा कमी पोहोचणाऱ्या जागाच आधी गंजतात : मडगार्डच्या दुमडीतला चिखल, काचेच्या रबराखालची फट, फाळक्याच्या (मागच्या उघडत्या फळीच्या) बिजागरीमागची जागा. म्हणून दिसणाऱ्या डागापलीकडे बोटभर रंग खरवडून पाहावा.

इंदूरची हवा पावसाळा सोडल्यास बरीच कोरडी असते, त्यामुळे हे काम दिवाळीनंतर काढणे सोयीचे. मात्र आग्रा-मुंबई मार्गाने बंदराच्या फेऱ्या केलेल्या गाडीवर मीठ बसलेले असते. मीठ ओल धरून ठेवते. ते आधी भरपूर गोड्या पाण्याने धुवावे.

८० नंबरच्या पॉलिश पेपरने पांढरे लोखंड दिसेपर्यंत घासावे. खड्ड्यांत उरलेल्या गंजाचे फॉस्फोरिक अम्लाने लोह फॉस्फेट होते. (इंदूरच्या पश्चिमेस धार येथे असलेल्या भग्न लोहस्तंभाच्या टिकाऊपणाचे श्रेयही धातूतील फॉस्फरसला देतात.)

खड्डे भरायची पुट्टी उघड्या पत्र्यावर लावावी की प्राइमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर), याबाबत कारागिरांत एकमत नाही. पॉलिएस्टर पुट्टी ओल शोषते, हे ध्यानात घेता आधी एपॉक्सी प्राइमर देणे श्रेयस्कर. नुसत्या रेड ऑक्साइड प्राइमरवर गाडी पावसात उभी ठेवू नये. त्यातूनही पाणी झिरपते. जुन्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा तो ओला करूनच घासावा आणि तोंडावर मास्क ठेवावा.