बारा दात, एक सांगाडा

‘कडक भाकर चावता येईल का?’ तोंडात एकही दात न उरलेली माणसं मराठवाड्यात दंतवैद्याला बहुतेक वेळा हाच प्रश्न विचारतात. प्रश्न रास्तच आहे. वरची कवळी टाळूला धरून तरी राहते. खालची मात्र जिभेच्या प्रत्येक हालचालीबरोबर उचलली जाते. शेंगदाण्याच्या चटणीचा एक कण तिच्याखाली शिरला की जेवण तिथेच थांबतं. हुरड्याचं तर नावच नको.

यावरचा पक्का उपाय म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियम धातूचे ४ ते ६ इम्प्लांट (दाताच्या मुळाचं काम करणारे खिळे) बसवायचे आणि त्यांच्यावर साधारण १२ दातांची अखंड रांग स्क्रूने आवळायची. बाहेरून गुलाबी हिरडी आणि पांढरे दात दिसतात. आत एक धातूचा सांगाडा असतो, तो कुणालाच दिसत नाही. या उपचाराचं बरंचसं यश त्या सांगाड्याच्या बसण्यावर ठरतं. रुग्णांशी बोलताना मात्र त्याचा उल्लेखही क्वचितच होतो, म्हणून त्याबद्दल लिहावंसं वाटलं.

टायटॅनियम हाडाला धरतं, हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रेनमार्क यांना १९५२ साली सशाच्या हाडावरच्या प्रयोगात कळलं. हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी नंतर निघेना. १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. ते त्याने २००६ मध्ये मरेपर्यंत वापरले. धातूवर आपोआप येणारा ऑक्साइडचा अतिपातळ थर हे यामागचं मोठं कारण. (हा धातू परका नाही. ज्या बेसाल्टपासून आपली काळी माती झाली, त्यातही टायटॅनियम ऑक्साइड २-३ टक्के असतं.)

अडचण सुरू होते ती इथून. नैसर्गिक दात हाडाला थेट चिकटलेला नसतो; मध्ये तंतूंची पातळ गादी असते. त्यामुळे चावताना तो २५ ते १०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हलतो आणि थोडीफार चूक पोटात घालतो. इम्प्लांट हलतो जेमतेम ३ ते ५ मायक्रॉन. पाच इम्प्लांटवर बसणारा सांगाडा जरा वाकडा असला, तर स्क्रू आवळून तो बसवता येतो, पण ताण आतच राहतो. मग स्क्रू सैल होतात, कधी तुटतात, दात टवका उडून निघतात. सांगाडा ताण न देता, नुसता ठेवल्यासारखा बसला पाहिजे. ब्रेनमार्क यांनी त्यासाठी १० मायक्रॉनची मर्यादा सुचवली होती. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते.

मग टायटॅनियमचा सांगाडा साच्यात ओतून का करत नाहीत? टायटॅनियम १६६८ अंश सेल्सिअसला वितळतं आणि तापलं की हवेतला ऑक्सिजन, साच्यातलं द्रव्य, सगळं ओढून घेतं. शिवाय कुठलाही धातू थंड होताना आकसतो. लांब, कमानदार ओतीव तुकडा हमखास पिळवटतो. म्हणून तयार नळ्या आणि दांड्या जोडून सांगाडा उभा करण्याची पद्धत आली.

लॅबमध्ये प्लास्टरच्या मॉडेलवर प्रत्येक इम्प्लांटच्या जागी टायटॅनियमची नळी स्क्रूने बसवतात. दोन नळ्यांमध्ये बसेल एवढाच दांडीचा तुकडा कापून, घासून, सांध्याला सांधा टेकवतात. फट जास्त राहिली तर वेल्डिंग ती ओढून घेतं आणि सगळा सांगाडा वाकतो. फॅब्रिकेशनवाल्याला गेट करताना हे ठाऊक असतं: एका बाजूचा सांधा सलग भरत नेला तर चौकट ओढली जाते, म्हणून तो आधी चारही कोपऱ्यांना टाके मारतो. लॅबमध्ये लेझरने वेल्डिंग करणारा तंत्रज्ञही तसंच समोरासमोर ठिपके देत जातो. टायटॅनियम उष्णता फार लांब वाहू देत नाही, हे इथे पथ्यावर पडतं. तापतो तो ठिपक्याभोवतीचा भागच. हवा दूर ठेवायला सांध्यावर आर्गॉन वायूचा झोत सतत असतो. ठिपका चांदीसारखा चकचकीत निघाला तर काम चांगलं. पिवळसर किंवा निळा दिसला तर हवा शिरली असं समजायचं. ऑक्सिजन खोलवर मुरला तर सांधा ठिसूळ होतो. इटलीत तर दांडी थेट रुग्णाच्या तोंडातच, दोन इलेक्ट्रोडमध्ये दाबून काही मिलिसेकंदांत जोडण्याचं तंत्र निघालं.

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची पायरी त्यानंतरची. सांगाडा तोंडात ठेवून एका टोकाचा एकच स्क्रू आवळायचा आणि दुसऱ्या टोकाला बघायचं. तिथे सांगाडा उचलला गेला, एक्स-रेत काळी रेघ दिसली, तर तो चुकलाय. अशा वेळी सांगाडा कापून, तोंडातच रेझिनने (घट्ट होणाऱ्या प्लास्टिकने) नव्याने पकडून, पुन्हा वेल्ड करावा लागतो. रुग्णाला एक खेप वाढते. जालना किंवा हिंगोलीच्या खेड्यातून छत्रपती संभाजीनगरला येणाऱ्याला ती जड जाते, तरीही ती टाळू नये.

आता कॉम्प्युटरवर आखून टायटॅनियमच्या एका ठोकळ्यातून अख्खा सांगाडा कोरतात. त्यात सांधेच नसतात. पण तोंडाचं माप चुकलं तर तोही चुकतोच, आणि एका स्क्रूची तपासणी त्यालाही द्यावीच लागते.

सांगाडा पास झाला की त्यावर गुलाबी ओपेकचा (अपारदर्शक रंगाचा) थर देतात, म्हणजे धातूचा करडा रंग हिरडीतून डोकावत नाही. मग अ‍ॅक्रिलिकचे दात. खालची बाजू गुळगुळीत आणि फुगीर ठेवायची, म्हणजे ब्रश आणि दोरा आत फिरतो. तंबाखू-मशेरी चालू राहिली तर हाड टिकवणं अवघड होतं. भाकरी चावून काही वर्षांत अ‍ॅक्रिलिकचे दात झिजतात. तेव्हा स्क्रू काढून रांग बाहेर घेतात, झिजलेले दात उतरवतात आणि त्याच सांगाड्यावर नवे चढवतात.