डॅम्परमध्ये जाड तेल घालून काय होतं?

खड्ड्यातून बाहेर आल्यावरही जुन्या गाडीचं तोंड डोलत राहिलं, की सल्ला ठरलेला असतो: "डॅम्परमध्ये जाड तेल घाला, कडक होईल." डॅम्पर म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, गाडीचं डोलणं जिरवणारा भाग. सल्ल्यात तथ्य आहे, पण निम्मंच.

मॉरिस मायनर आणि एमजीबी या इंग्लिश गाड्यांना पुढे आर्मस्ट्राँग कंपनीचे दांडीवाले डॅम्पर असत. ओतीव धातूचं घर, आत तेल आणि पिस्टन, बाहेर दांडी. ही दांडीच सस्पेन्शनचा वरचा हात, म्हणजे चाकाला धरणारा वरचा दांडा. चाक उसळलं की पिस्टन तेलाला झडपेतून रेटतो आणि गतिज ऊर्जेची उष्णता होते. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते. त्या ऊर्जेचा निकाल लावतं ते तेल.

खरी गंमत झडपेत आहे. लांब, अरुंद वाटेतून तेल सावकाश जातं तेव्हा त्याचे थर एकमेकांवर घासतात. इथे विरोध श्यानतेच्या (तेलाच्या जाडपणाच्या) आणि वेगाच्या प्रमाणात: तेल दुप्पट श्यान, तर विरोध दुप्पट. पण खड्ड्यात चाक झटक्याने उसळतं, तेल छोट्या भोकातून धारेने सुटतं, भोवरे होतात. मग विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग तिप्पट, विरोध नऊपट. आणि तो ठरतो मुख्यतः घनतेवर. जाड असो वा पातळ, खनिज तेलाची घनता घनसेंटीमीटरला 0.85 ते 0.9 ग्रॅमच्या आसपासच! हा नऊपट दणका गाडीला बसू नये म्हणून ठरावीक दाबाला स्प्रिंगची झडप उघडते. म्हणजे मोठ्या गचक्याला कडकपणा ठरवते झडपेची स्प्रिंग. जाड तेल जाणवतं ते संथ डोलण्यात, आणि थंडीत सकाळी नको इतकं.

तेल बदलताना सस्पेन्शनच्या खालच्या हाताखाली जॅक हवाच. ताणातली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतेल. डॅम्पर उतरवून, उलटा धरून, दांडी वरखाली करत जुनं तेल काढायचं. बरेच जण मोटारसायकलच्या फोर्कचं 20 नंबरचं तेल वापरतात. भरताना दांडी पूर्ण पल्ल्यात सावकाश हलवत राहा. मध्येच ती मोकळी, पोकळ लागली तर आत हवा आहे. हवा दाबली जाते, तेल जवळजवळ नाही.

गळती थांबवणाऱ्या जादूच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. दांडी धरून आडवी हलवा. खडखडली तर आसाचं बेअरिंग झिजलंय, आणि नवं तेलही त्याच वाटेने गळणार.